मुलांना चित्रकार शोधू द्या : सोलापूरच्या कलाशिक्षकांना खुले पत्र

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांमधले चित्रकलेचे सर, बाई आणि मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

मी जॅकार्ड चादरींची आणि टॉवेलची, म्हणजे मागावरच नक्षी विणली जाते अशांची, डिझाइनं काढतो. पूर्वी ग्राफच्या कागदावर चौकोन भरत बसायचो, आता कॉम्प्युटरवर भरतो. रविवारी सकाळी पूर्व भागातल्या काही मुलांना चित्रकला शिकवतो, फी ज्याला जमेल तशी. कामासाठी माझ्याकडे अधूनमधून पोरं येतात. बहुतेकांची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालेली, बऱ्याच जणांना ए ग्रेड. स्थिरचित्रातला तांब्या असा काढतात की उचलून पाणी प्यावं. हात तयार आहे, आणि तो तुम्हीच तयार केलाय. पण मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : तुला कुणाचं काम आवडतं? एक म्हणतो, पिकासो. पिकासोचं कोणतं? मग गप्प. दुसरा म्हणतो, मोनालिसा. तिसरा एका रीलवाल्याचं नाव घेतो, जो पेन्सिलीनं नटांचे चेहरे काढतो. खरं सांगू का, या तिघांत मला तिसराच आशेचा वाटतो. कारण ते नाव त्यानं स्वतः शोधलेलं असतं, आणि त्या रीलमध्ये डोळ्यातली चमक कशी सोडलीय हे तो मला हातवारे करून सांगतो.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. दर पंधरवड्याला चित्रकलेचा एक तास मुलांना द्या. त्या तासाला मुलांनी एखादा कलाकार शोधून आणावा आणि वर्गाला दाखवावा. तुम्ही मागच्या बाकावर बसा.

"हे आम्ही करतोच की," असं काही जण म्हणतील. करता, मान्य. कार्डशीटवर जन्म, मृत्यू, शिक्षण, पुरस्कार, वरच्या कोपऱ्यात झेरॉक्सच्या दुकानातून काढलेला रंगीत फोटो, भोवती स्केचपेनची नक्षी. एका वर्गात मी असे तक्ते पाहिले. रवी वर्म्यांचे नऊ होते आणि नवांवर मजकूर एकच. त्यात मुलांचा दोष कुठला? यादी आपण दिली, मजकूर इंटरनेटनं दिला, नक्षी तेवढी त्यांची. यादी देणं बंद केलं की मग गंमत सुरू होते. आणि थोडा गोंधळही, तो सोसावा लागतो.

माझ्या रविवारच्या वर्गात घडलेलं सांगतो. आठवीतली एक मुलगी, राहायला विडी घरकुलात. आई विड्या वळते. तिनं बिनोदबिहारी मुखर्जी आणले. कुठून आणले? फोनवर "कागद कापून केलेली चित्रं" असं काहीतरी शोधताना सापडले. शांतिनिकेतनचे चित्रकार, 1904 चा जन्म, नंदलाल बोसांचे शिष्य. नजर जन्मापासूनच अधू, आणि 1957 मध्ये ती पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी काम थांबवलं नाही. रंगीत कागद कापून, हातानं चाचपून चिकटवून चित्रं केली. ही माहिती कुठल्याही पानावर मिळते. पण ती मुलगी फोन बाजूला ठेवून म्हणाली, "आई तेंदूची पानं कापते ना सर, पत्र्याचं माप ठेवून, तेव्हा ती टीव्ही बघत असते. कात्रीकडं बघतच नाही. बोटाला कळतं म्हणते." मग तिनं डोळे मिटून एक पान कापून दाखवलं. वाकडं आलं. मुलं हसली, मग एकेकानं डोळे मिटून कागद कापायला घेतला आणि अर्धा तास वर्गात कात्र्यांचाच आवाज. मी काही शिकवलं नाही. मला शिकवता आलंही नसतं, कारण बिनोदबिहारी आणि तेंदूपान यांचा संबंध माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तो तिच्याच घरात होता.

पुढची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. एक कलाकार मिळाला की त्याच्या मागोमाग दुसरा येतो. दोन-तीन बैठकांनंतर एका मुलानं त्याच बिनोदबिहारींची मुलगी शोधून आणली : मृणालिनी मुखर्जी, 1949 ते 2015. दोराला गाठी मारमारून माणसापेक्षा उंच शिल्पं करणारी. या मुलाचे वडील यंत्रमागावर आहेत, त्यामुळे दोर, सूत, गाठ हा त्याचा घरचा विषय. त्यानं पहिली शंका काढली ती एवढं वजन खाली ओघळत कसं नाही. मृणालिनी शिकल्या बडोद्याला, के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे. आणि हे सुब्रमण्यन स्वतः शांतिनिकेतनात बिनोदबिहारींचे विद्यार्थी! म्हणजे वडिलांच्या शिष्याकडे मुलगी शिकली. इथवर मुलांना मजा वाटली. मग कुणालातरी दिसलं की सुब्रमण्यन मुंबईत हातमाग मंडळात डिझाइनच्या कामावर होते, 1960 च्या आसपास. त्याच काळात सरकारनं विणकर सेवा केंद्रांत चित्रकारांना नेमलं होतं. अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले ते वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात, पुढे मुंबईच्या. पानं, घड्याळं, लिफाफे पोकळीत तरंगत ठेवणारा एवढा मोठा चित्रकार नोकरी म्हणून कापडाची डिझाइनं काढत होता. मी इतकी वर्षं डिझाइनवर पोट भरतोय, पण हा धागा माझ्यासमोर कुणी असा सलग ओढला नव्हता. बरव्यांचं "कोरा कॅनव्हास" मराठीतच आहे. मुलांना जड जाईल, पण तुम्ही जरूर वाचा.

हा सगळा प्रवास सरळ झाला असं समजू नका. मधेच एक मुलगा मोटारसायकलींच्या डिझाइनकडे गेला तो परत आलाच नाही. एकीनं केसांच्या वेण्यांचे फोटो आणले आणि हीच कला म्हणून हट्ट धरला. धरू दे. वेणी आणि मृणालिनींची गाठ शेजारी ठेवून पाहिली तर तिचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं.

सोलापूर या कामाला इतकं सोयीचं गाव आहे, याचा आपण विचारच केलेला नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा एका शहरात आहेत. तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या मुलींना तोटा वैकुंठम यांची चित्रं एकदा दाखवा. तेलंगणातल्या बायका, कपाळावर मोठं कुंकू, लाल-पिवळ्या-हिरव्या साड्या, सावळी अंगं. माझ्या वर्गात पहिला शब्द उमटला तो "अव्वा!" मग कुणाची आजी जास्त तशी दिसते यावर भांडण. कन्नड मुलांसाठी एस. एम. पंडित. गुलबर्ग्याचे, 1916 चा जन्म. म्हणजे आपल्यापासून रेल्वेनं दोन-अडीच तासांवरचे. सिनेमाची पोस्टरं आणि देवादिकांची कॅलेंडरं त्यांनी रंगवली. आजोबांच्या घरात भिंतीवर जे कॅलेंडर होतं ते कुणीतरी काढलं होतं, त्या माणसाला नाव होतं, हेच मुलांना नवं असतं. उर्दू शाळेतली मुलं खत्ताती, म्हणजे उर्दू सुलेखन, घेऊन आली तर मराठी शाळेतल्या मुलांना अक्षरलेखनाचा पेपर किती कोरडा करून ठेवलाय ते कळेल. एका माध्यमाच्या वर्गानं शोधलेले कलाकार दुसऱ्या माध्यमाच्या वर्गात जावेत. त्याला बस लागत नाही, निधी लागत नाही. शिक्षकांनी एकमेकांना फोन करायचा.

आता पंढरपूर. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, 1915 चा. आपल्या जिल्ह्यातून जगभर गेलेलं चित्रकलेतलं एवढं मोठं नाव दुसरं नाही. तरी जिल्ह्यातल्या किती वर्गांत ते घेतलं जातं? वाद आहेत म्हणून टाळलं जातं. तुमची अडचण मला कळते. गावात राहायचंय, पालकांना तोंड द्यायचंय. लहान वर्गांना घोडे दाखवा, छत्र्या दाखवा, मुंबईत सिनेमाची मोठमोठी होर्डिंगं रंगवून पोट भरत होते ते सांगा. नववी-दहावीला मात्र वादही सांगावा. त्यांच्या कोणत्या चित्रांवर लोक चिडले, खटले झाले, 2006 मध्ये ते देशाबाहेर गेले, 2010 मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि 2011 मध्ये लंडनमध्ये वारले. बाजू घ्यायची गरज नाही. मुलांना फोनवर हे सगळं अर्धंमुर्धं आणि शिवीगाळीसकट मिळणारच आहे. त्याआधी सरांकडून नीट मिळालं तर बरं. हुसेनच्या मागोमाग 1947 चा मुंबईतल्या कलाकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप येतो : सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे. गाडे आणि बाकरे ही मराठी नावं मराठी मुलांना माहीत नसावीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

नग्नचित्रांचा प्रश्नही याच जातीचा. मुलगा शोधायला बसला की समोर येणारच. आदल्या दिवशी मुलानं आणलेलं तुम्ही पाहून घ्या. वर्गात चुकून आलंच तर दचकू नका, "जे. जे. मध्ये शरीर असंच बसवून शिकवतात" एवढं बोलून पुढे जा. तुम्ही दचकलात की वर्ग दिवसभर तेच बोलतो.

कामाची एक युक्ती देतो. फोनवर सगळी चित्रं एकाच मापाची असतात, तळहाताएवढी. म्हणून मुलांना चित्राचं आकारमान कळतच नाही. पटांगणात खडूनं चौकोन काढायला लावा. मोनालिसा 77 सेंटिमीटर उंच आणि 53 रुंद. मुलांचा विश्वास बसत नाही. "एवढीच?" म्हणतात. मग पिकासोचं "गेर्निका" आखा : उंची साडेतीन मीटर, लांबी पावणेआठ. पोरं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळतात. शेजारी आपली चादर पसरा, साठ बाय नव्वद इंचांची, आणि विचारा की गेर्निकात अशा किती बसतील. गणिताचे सरही खूश. एवढं झाल्यावर "पिकासो" म्हणून गप्प बसणारं पोरगं पुन्हा माझ्याकडे येणार नाही, याची मला खात्री आहे.

मुलांनी आणलेलं टिकवायचं कसं? तक्ते नकोत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू घ्या. आपल्याकडे त्यांना कधी कमी नसते. त्यावर पाच गोष्टी, मुलाच्या हातानं : नाव काय, कशानं केलं, केवढं आहे, आता कुठं आहे, आणि मी यावर का थांबलो. वर्गात एक दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा, कार्डं टांगा. चौथा प्रश्न सोडू नका. हल्ली फोनवर अशी ढीगभर चित्रं आहेत जी कुणी काढलेलीच नाहीत, कॉम्प्युटरनं जुळवलेली आहेत आणि खाली भलत्याच चित्रकाराचं नाव आहे. मूळ चित्र कुठल्या संग्रहालयात, कुठल्या भिंतीवर आहे ते सापडत नसेल तर कार्ड टांगायचं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं 2017 पासून आपली लाखो चित्रं कुणालाही वापरायला मोकळी केली आहेत, माप आणि साल धरून. मराठीत वाचायला मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे.

नाव हा पहिला प्रश्न नेहमी सुटतोच असं नाही. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, तिथल्या मंदिरात शके 940 चा मराठी शिलालेख. सहलीला आपण मुलांना नेतो, फोटो काढतो, डबे खातो, परत येतो. एका मुलानं विचारलं, "मूर्तिकाराचं नावच नाही, तर कार्डावर काय लिहू?" मी म्हटलं, दगड लिही, जागा लिही, आणि एका मुखाला जवळून बघून ते काढ. त्यानं एकाच आकाराच्या दोन मुखांतला फरक शोधला. एकाचे ओठ किंचित उघडे. ते वाऱ्यापाण्यानं झिजलेत की मुद्दाम तसे केलेत, यावर वर्गाचं अजून एकमत नाही.

आणि जिवंत कलाकार? पूर्व भागात अजून हातमागावर वॉल हँगिंग विणणारे विणकर आहेत, ताण्याबाण्यातून माणसाचा चेहरा उभा करणारे. पुढाऱ्यांना भेट द्यायला ती नेली जातात, भेट देणाऱ्याचा फोटो छापून येतो, विणणाऱ्याचा क्वचित. मुलांना पाठवा त्यांच्याकडे. नाव, काम, माप, किती दिवस लागले, चूक झाली तर उसवावं लागतं का. त्याच दिवशी वर्गात 1839 साली फ्रान्समधल्या लिऑनमध्ये रेशमात विणलेलं, जॅकार्ड माग काढणाऱ्या जोसेफ जॅकार्डचं चित्र दाखवा. सुमारे 24,000 पत्ते, म्हणजे नक्षीप्रमाणे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, लागले होते त्याला. बघणाऱ्याला ते छापील वाटतं. ज्या पोराच्या गल्लीत पत्त्यांच्या माळा लटकलेल्या असतात त्याला 24,000 म्हणजे काय ते लगेच कळतं. मला तो आकडा समजावून सांगावाच लागला नाही.

परीक्षेचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा निकाल शाळेच्या फलकावर लागतो, ए ग्रेडला दहावीत सात गुण मिळतात, पालक तेवढ्यासाठीच येतात. मी परीक्षेच्या विरोधात नाही. त्याच परीक्षांनी मला कामाला लावलं. पण संकल्पचित्राच्या पेपरात दरवर्षी तीच कमळं आणि तेच मोर का येतात? मुलांनी दुसरं काही पाहिलेलंच नसतं. परीक्षेआधीचे दोन महिने हा तास बंद ठेवा, हरकत नाही. बाकीचे महिने तरी मोकळे सोडा.

थोडं मुख्याध्यापकांसाठीही. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायची जी सवय लागली आहे ती या एका तासापुरती मोडा. त्या तासापुरता प्रोजेक्टर कुलपातून बाहेर काढा, किंवा सरांचा फोन वर्गात चालू द्या. आणि वर्षातून एकदा सहल औंधला न्या. सातारा जिल्ह्यात, टेकडीवरचं श्री भवानी संग्रहालय; स्वतः चित्रकार असलेल्या औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, 1938 मध्ये उभं केलेलं. रवी वर्म्यांची मूळ चित्रं तिथं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा. वॉटरपार्कच्या खर्चात होतं.

माझ्याकडून काय मिळेल तेही लिहितो. जॅकार्डचे जुने पत्ते, ग्राफवरची हातानं भरलेली डिझाइनं आणि त्यांवरून विणलेल्या चादरींचे तुकडे माझ्याकडे आहेत. ज्या शाळेला हवेत त्या शाळेत मी घेऊन येईन. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा मला जमतं. मुलांनी लिहिलेली बिनोदबिहारींपासूनची कार्डंही आणतो, बघायला. मात्र ती बघून तुमच्या मुलांनी तेच कलाकार घेऊ नयेत, एवढी एक अट.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पूर्व भागातला एक डिझाइनवाला
सोलापूर